जॉन वेस्ली पॉवेल : एका हाताने नकाशावरची कोरी जागा भरणारा माणूस

१८६९ पर्यंत अमेरिकेच्या नकाशावर युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरचा मोठा भाग जवळपास कोराच होता. तो भरायला निघालेल्या जॉन वेस्ली पॉवेल यांना उजवा हात नव्हता. १८६२ मध्ये, यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत त्यांनी तो गमावला होता.

२४ मे १८६९ रोजी नऊ साथीदार आणि चार होड्या घेऊन ते वायोमिंगमधून ग्रीन नदीत उतरले. वाटेत एक होडी फुटली, शिधा संपत आला. एकाने मोहीम मध्येच सोडली. शेवटी तिघे कंटाळून दरी चढून निघून गेले. दुसऱ्याच दिवशी, २९ ऑगस्टला, उरलेले सहा जण ग्रँड कॅन्यनमधून सुखरूप बाहेर पडले. ते तिघे मात्र कधीच परतले नाहीत.

पण पक्का नकाशा कुठे होता? त्यासाठी १८७१ मध्ये दुसरी मोहीम निघाली. मोजणी त्यांचे मेहुणे आल्मन थॉम्पसन यांच्याकडे होती. कनाबजवळ एक सरळ रेषा काटेकोर मोजायची, तिच्या टोकांवरून दूरच्या शिखरांचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं, अशी ही पद्धत. १८७२ मध्ये एस्कलान्टे नदीही नकाशावर आली.

या मोजणीतून पॉवेल यांना एक गोष्ट उमगली : इथे जमीन भरपूर आहे, पाणी नाही. १८७८ च्या अहवालात त्यांनी हा इशारा दिला. पुढे १८८१ ते १८९४ ते अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते, तरी काँग्रेसने त्यांच्या सिंचन पाहणीचा निधी कापला. १९०२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज कोलोरॅडोच्या पाण्यावरून सात राज्यांत ओढाताण आहे. आणि त्यांनी नकाशावर आणलेल्या ग्लेन कॅन्यनचा मोठा भाग धरणाच्या पाण्याखाली गेला आहे. त्या जलाशयाचं नाव आहे लेक पॉवेल.