सर चार्ल्स व्हीटस्टन व दोन डोळ्यांचे कार्य

पावसाळ्यात मुळशीच्या खोऱ्यातून ताम्हिणीकडे पाहिले असता दूरचे डोंगर पडद्यावर रंगविल्यासारखे सपाट दिसतात. परंतु ओटीवर शिवीत बसलेल्या बाईस हातातील सुईचे नेढे किती अंतरावर आहे हे अचूक कळते. असे का व्हावे? वाचकांनी एक डोळा झाकून, दोन हातांत दोन काड्या आडव्या धरून त्यांची टोके एकमेकांस भिडवून पाहावी. दोन्ही डोळ्यांनी जे सहज साधते, ते एका डोळ्याने बहुधा चुकते. ह्याचे कारण ज्यांनी प्रथम प्रयोगाने सिद्ध करून दाखविले, त्या सर चार्ल्स व्हीटस्टन ह्यांचे हे अल्प चरित्र होय.

त्यांचा जन्म इंग्लंडातील ग्लॉस्टर शहराजवळ बार्नवुड येथे ६ फेब्रुवारी १८०२ रोजी झाला. घराण्याचा धंदा वाद्यांचा असे. मुलगा हुशार, परंतु फार लाजाळू होता. त्यास लंडन येथे चुलत्याच्या वाद्यांच्या दुकानी उमेदवार म्हणून ठेविले. त्याविषयी अशी गोष्ट सांगतात की, व्होल्टा ह्यांच्या विजेच्या शोधांवरील पुस्तक त्याने पैसा पैसा साठवून घेतले, आणि पुढे प्रयोगास तांब्याचे पत्रे घेण्याची ऐपत नसल्यामुळे तांब्याची नाणीच पत्र्यांच्या ठिकाणी वापरली. १८२९ साली त्यांनी कॉन्सर्टिना नावाच्या, भात्याने वाजणाऱ्या लहान पेटीचे पेटंट घेतले. १८३४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तथापि सभेपुढे बोलण्याची त्यांस इतकी भीती वाटे की, त्यांच्या शोधांवरील व्याख्याने कित्येक वेळा त्यांचे मित्र मायकेल फॅराडे हेच देत.

जिभेस संकोच असला तरी नजर मोठी सूक्ष्म होती. चाकावर फिरवून गुळगुळीत केलेल्या धातूच्या तबकडीवर मेणबत्तीचा उजेड पडला म्हणजे प्रकाशाची एक रेघ दिसते. ती रेघ तबकडीवर पडलेली नसून तबकडीस भेदून अर्धी वर व अर्धी खाली उभी आहे असे त्यांस भासले. डावा डोळा मिटताच रेघ तबकडीवर सपाट झाली. उजवा मिटला तेव्हाही सपाटच, पण दुसऱ्या दिशेस वळलेली. आणि दोन्ही उघडताच ती पुन्हा उभी राहिली. ज्या झाकणीवर बारीक गोल रेघा आहेत ती दिव्याजवळ धरून हा चमत्कार कोणासही आपल्या घरी पाहता येईल.

ह्यावरून त्यांनी ताडिले की, दोन डोळ्यांमध्ये सुमारे अडीच इंचांचे अंतर असल्यामुळे प्रत्येकास जवळच्या वस्तूचे चित्र किंचित निराळे दिसते, आणि त्या निराळेपणावरूनच मन खोली जाणते. वस्तू फार दूर असली म्हणजे दोन्ही चित्रे जवळजवळ एकच होतात. म्हणूनच दूरचे डोंगर सपाट भासतात. हे सिद्ध करण्याकरिता त्यांनी दोन आरसे काटकोनात बसवून स्टीरिओस्कोप नावाचे यंत्र केले. एका बाजूस उजव्या डोळ्यास दिसेल तशी व दुसऱ्या बाजूस डाव्यास दिसेल तशी आकृती ठेविली. रेघा मात्र, छाया नाही, रंग नाही. तरी पाहणाऱ्यास भरीव वस्तू पुढे उभी दिसली. जून १८३८ मध्ये हा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला.

१८५२ साली त्यांनी दुसरे यंत्र प्रसिद्ध केले. त्यात डावे-उजवे उलट होई, तेणेकरून पेल्याचा खोलगट भाग फुगीर दिसे. त्याच सुमारास डोव्ह ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की, एका डोळ्यापुढे पांढरा व दुसऱ्यापुढे काळा पृष्ठभाग ठेविला असता करडा रंग न दिसता झळाळी दिसते. म्हणजे घासलेल्या भांड्याची चकाकीदेखील काही अंशी दोन डोळ्यांच्या मतभेदातूनच उत्पन्न होते.

स्कॉटलंडातील नामांकित शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर ह्यांनी १८४९ साली भिंगांचा सुटसुटीत स्टीरिओस्कोप केला, व १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर तो घरोघर गेला. परंतु मूळ कल्पनेचा मान व्हीटस्टन ह्यांस देण्यास ते राजी नव्हते, व १८५६ साली त्यावर वर्तमानपत्रात कडू वाद झाला. आज हा मान निर्विवादपणे व्हीटस्टन ह्यांचाच मानितात. कुक ह्यांच्यासह १८३७ साली तारायंत्राचे पेटंट घेणारेही तेच होत. १८६८ साली त्यांस सर ही पदवी मिळाली, व १९ ऑक्टोबर १८७५ रोजी पॅरिस येथे ते मरण पावले.

त्यांचे यंत्र करमणुकीपुरते राहिले नाही. फ्रान्समधील वैद्य एमिल जावाल ह्यांनी तिरळ्या डोळ्यांस वळण लावण्याकरिता त्याचा उपयोग केला. एकाच डोळ्याने पाहणारा मनुष्य सावली, आकार व मान हालविण्यावरून अंतर ओळखावयास शिकतो, ह्यात संशय नाही. पण लहान मुलाचा डोळा तिरळा राहिला तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र हळूहळू टाकून देतो, आणि पुढे तो डोळा मंद होतो. कोणी तिरळेपणास भाग्याचे लक्षण समजून स्वस्थ बसतात. तसे करू नये. गावात असे मूल आढळल्यास शाळेत जाण्याच्या वयाची वाट न पाहता त्यास डोळ्यांच्या डॉक्टराकडे नेण्याविषयी आईबापांस आग्रह करावा.