प्रेमचंदांचा नित्यनेम

काशीजवळच्या लमही या खेड्यात ३१ जुलै १८८० रोजी धनपतराय श्रीवास्तव यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात कारकून होते. पगार बेताचा आणि बदल्या वारंवार होत. आठव्या वर्षाच्या सुमारास मातृछत्र हरपले. घरात सावत्र आई आली आणि मुलगा पुस्तकांत रमू लागला. प्रारंभीचे शिक्षण मौलवींकडे उर्दू-फारसीत झाले. गोरखपूरला असताना बुद्धिलाल नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याशी या तेरा वर्षांच्या मुलाने एक करार केला. दुकानातील मार्गदर्शके त्याने शाळासोबत्यांना विकून द्यायची आणि त्या बदल्यात दुकानातील कादंबऱ्या घरी नेऊन वाचायच्या. दोन-तीन वर्षांत त्याने शेकडो कादंबऱ्या वाचून काढल्या. पुढे तीन दशकांहून अधिक काळ जो लेखणीचा नेम चालला, त्याची पूर्वतयारी या वाचनाने झाली.

पंधराव्या वर्षी लग्न झाले, पाठोपाठ वडील वारले आणि कुटुंबाचा भार अंगावर आला. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाली, पण महाविद्यालयाचे दार गणिताने अडवले. हातात पैसा नाही, उधारी वाढलेली, अशा स्थितीत एका संध्याकाळी त्यांनी अंकगणिताचे एक उत्तरदर्शक पुस्तक विकायला काढले. दोन रुपयांचे ते पुस्तक एका रुपयाला गेले. त्या दुकानात एक गृहस्थ बसले होते. ते एका लहान शाळेचे मुख्याध्यापक निघाले आणि त्यांना सहायक शिक्षक हवा होता. महिना अठरा रुपयांवर चुनारची नोकरी ठरली. ज्या गणिताने शिक्षण अडवले, त्याच गणिताच्या पुस्तकाने त्यांना शिक्षक केले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. गणिताची अडचण मात्र तशीच राहिली. तो विषय ऐच्छिक झाल्यावर १९१० साली ते इंटरमिजिएट झाले आणि बी.ए.ची पदवी मिळाली ती १९१९ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

चुनार, बहराइच, प्रतापगढ, अलाहाबाद, कानपूर असा शिक्षकी प्रवास चालू असतानाच लेखन सुरू झाले. १९०३ साली त्यांची पहिली उर्दू कादंबरी एका साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. कानपूरला ‘जमाना’ मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांचा स्नेह लाभला आणि ‘नवाबराय’ हे टोपणनाव वाचकांच्या ओळखीचे झाले. लेखनासाठी वेगळा वेळ कोणी दिला नव्हता. शाळा भरण्यापूर्वीचा आणि शाळा सुटल्यानंतरचा जो वेळ उरे, तोच त्यांचा. तो त्यांनी स्फूर्तीची वाट पाहण्यात घालवला नाही. बैठक मारायची आणि पाने लिहायची, ही त्यांची रीत होती.

या रीतीची खरी कसोटी सरकारने घेतली. १९०८ साली ‘सोजे वतन’ हा पाच कथांचा संग्रह निघाला. देशप्रेमाचा सूर त्यांत स्पष्ट होता. पुढे ते शिक्षण खात्यात सब-डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून हमीरपूर जिल्ह्यात फिरत असता कलेक्टरचे बोलावणे आले. रातोरात बैलगाडीने तीस-चाळीस मैलांची मजल मारून ते छावणीवर पोहोचले. कथांत राजद्रोह भरला आहे, असा आरोप समोर आला. मोगलाई असती तर हात तोडले गेले असते, इंग्रजी अंमल आहे म्हणून निभावले, अशा अर्थाचे बोलही ऐकावे लागले. उरलेल्या प्रती सरकारच्या स्वाधीन करून अग्नीच्या हवाली केल्या गेल्या. याहून जाचक होते ते बंधन : यापुढे जे काही लिहायचे ते आधी कलेक्टरला दाखवून मंजूर करून घ्यायचे.

वर्षाकाठी एखादा लेख लिहिणाऱ्या हौशी माणसाला ही अट फारशी जड गेली नसती. धनपतरायांना ती पाळणे अशक्य होते, कारण लिहिणे हा त्यांचा रोजचा उद्योग होता. निगमांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी ही अडचण मांडली. महिन्याला एक जरी लेख साहेबांच्या टेबलावर गेला, तरी सरकारी काम टाकून हा माणूस लेखणीच घासत बसतो असे त्यांना वाटणार. विषय हस्तिदंताचा असला तरी अट तीच! दोनच वाटा होत्या : लिहिणे थांबवायचे किंवा नाव टाकायचे. त्यांनी नाव टाकले. पाच-सहा वर्षे कष्टाने मिळवलेली ‘नवाबराय’ ही ओळख सुटली आणि निगमांनी सुचवलेले नवे नाव त्यांनी घेतले. १९१० च्या डिसेंबरात ‘जमाना’त ‘बडे घर की बेटी’ प्रसिद्ध झाली, ती प्रेमचंद या नावाने. आज ज्या नावाने त्यांना सारा देश ओळखतो, ते नाव लेखन खंडित होऊ नये एवढ्याचसाठी स्वीकारलेले होते. त्यामागे दुसरी कोणतीही काव्यमय प्रेरणा शोधण्याचे कारण नाही.

शाळा-तपासणीच्या दौऱ्यांनी प्रकृती खालावली. आमांशाने जे पछाडले ते अखेरपर्यंत. तपासणीचे काम सोडून ते पुन्हा वर्गात शिकवू लागले, पण पथ्यपाण्याबरोबर लेखन चालूच राहिले. पत्नी शिवरानीदेवी स्वतः कथालेखिका होत्या. पतीच्या आठवणींचे ‘प्रेमचंद : घर में’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. आजारपणात लेखणी हिरावून घेऊ पाहणारी पत्नी आणि मजुराने काम केल्याशिवाय जेवू नये असे मानणारा पती, यांच्यातील प्रेमळ तंटे त्यात वाचायला मिळतात. हे तंटे विनोदाने वाचले जातात खरे, परंतु त्या घरात औषध-उपचारांची चिंता कोणी वाहिली, हेही विसरता येत नाही.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी गोरखपूरच्या सभेत त्यांनी गांधीजींचे भाषण ऐकले. वीस वर्षांहून अधिक काळची सरकारी नोकरी त्यांनी काही दिवसांतच सोडली. पदरी मुले आणि दुखणे, पाठीशी पेन्शन नाही. आता लेखणीवर संसार चालायचा होता. ‘रंगभूमी’ ही विस्तृत कादंबरी त्यांनी आधी उर्दूत लिहिली आणि मग हिंदीत उतरवली. एकच कथा दोनदा लिहिण्याची ही मेहनत अनेक पुस्तकांच्या बाबतीत घडली. १९२३ मध्ये काशीला सरस्वती प्रेस काढला, १९३० मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले. दोन्हींनी पैसा दिला नाही, उलट खाल्ला. कादंबऱ्यांची मिळकत छापखान्याच्या देण्यांत जाई. व्यवहाराच्या दृष्टीने हा छापखाना ही त्यांची चूकच म्हणावी लागेल.

ही देणी फेडण्यासाठीच १९३४ साली ते मुंबईस आले. अजंठा सिनेटोन या चित्रपटसंस्थेने वर्षाला आठ हजार रुपयांचा करार केला होता. दादरला बिऱ्हाड झाले. त्यांच्या कथेवरील ‘मजदूर’ चित्रपट सेन्सॉरच्या कचाट्यात सापडला. पैसा मिळत होता, पण लेखकाच्या मनाप्रमाणे तेथे काहीच होत नव्हते आणि ‘गोदान’ची पाने अपुरी पडून होती. वर्ष पुरे होण्याआधीच, १९३५ च्या वसंतात, ते काशीला परतले. होरी नावाच्या कर्जबाजारी शेतकऱ्याची ती कथा १९३६ साली प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी जूनमध्ये मॅक्झिम गॉर्की यांचे निधन झाले. शोकसभेसाठी प्रेमचंदांनी रात्री उठून भाषण लिहिले, मात्र सभेत ते वाचण्याचे त्राण अंगी नव्हते. काही दिवसांतच रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. ‘हंस’कडून सरकारने जामीन मागितला, तेव्हा अंथरुणावरूनच त्यांनी तो भरण्याची व्यवस्था केली आणि अंक पुन्हा चालू करविला. झोप येत नसे, तेव्हा उशाशी कागद ओढून ते नव्या कादंबरीची पाने लिहीत. तिचा नायक एक वृद्ध लेखक होता, आयुष्यभर लिहून रिकाम्या हाताने बसलेला. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी सकाळी काशीत त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी ‘मंगलसूत्र’ची चार प्रकरणे लिहून झाली होती.