नाटकं छापायला पैसे नव्हते, म्हणून त्याने छपाईच बदलून टाकली

घरच्या घरी सर्किट बोर्ड बनवणारी पोरं एक युक्ती वापरतात. कागदावर स्टार्चचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की लेझर प्रिंटरने डिझाइन छापायचं आणि कागद तांब्याच्या बोर्डवर ठेवून गरम इस्त्री दाबायची. बोर्ड पाण्यात टाकला की थर विरघळतो, कागद सुटतो आणि टोनर तांब्यावर राहतो.

थर दिलेल्या कागदावरून छाप उतरवायची ही आयडिया दोनशे वर्षांपूर्वीच एका नाटककाराला सुचली होती. त्याचं नाव अलॉइस सेनेफेल्डर.

जन्म १७७१ चा, प्रागमधला. वडील म्युनिकमध्ये नट. ते गेले आणि त्याचं कायद्याचं शिक्षण अर्धवट सुटलं. मग तो नाटकं लिहू लागला, पण कमाई छपाईतच जायची. शेवटी स्वतःच छापायचं ठरवलं. तांब्याचे पत्रे महाग, म्हणून तो चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर उलटी अक्षरं गिरवू लागला.

१७९६ साली एकदा धोबीण कपडे न्यायला आली आणि यादी लिहायला घरात कागदाचा कपटाही नव्हता. त्याने मेण, साबण आणि काजळीच्या शाईने यादी दगडावरच लिहिली. नंतर सहज त्यावर ॲसिड ओतलं. शाईखालचा दगड वाचला, बाकीचा झिजला. अक्षरं वर आली!

पण प्रेससाठी पैसे कुठून आणायचे? २०० गुल्डेनसाठी तो दुसऱ्याच्या जागी सैन्यात जायला निघाला. जन्म परमुलखातला म्हणून तिथेही नकार मिळाला. मग संगीतकार ग्लाइसनरच्या साथीने त्याने गाण्यांची नोटेशन्स छापली.

१७९८ पर्यंत त्याला कळलं, की तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत एवढ्यावरच सपाट दगडावरून छापता येतं. हीच लिथोग्राफी.

अडचण एकच होती, दगडावर सगळं उलटं लिहावं लागायचं. मग त्याने डिंक-स्टार्चचा थर दिलेल्या कागदावर तेलकट शाईने सरळ लिहिलं आणि कागद दगडावर दाबला. अक्षरं आपोआप उलटी उतरली. १८१८ च्या आपल्या पुस्तकात त्याने या कागदाला फार मोठं महत्त्व दिलं.

त्याचं तंत्र तो हयात असतानाच मुंबईत पोहोचलं. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. १८३४ मध्ये म्युनिकला सेनेफेल्डर वारला.

आज दगडाच्या जागी तांबं आलं, शाईच्या जागी टोनर. पाण्याने सुटणारा थर मात्र तसाच आहे.