विश्लेषण : तीन मिनिटांच्या राइडसाठी पाऊण तास रांग… तरीही लोक कंटाळत का नाहीत? वॉल्ट डिस्ने रांगेतून काय शिकले?

थीम पार्कमध्ये घालवलेल्या दिवसाचा हिशेब मांडून पाहा. राइडवर बसलेली मिनिटे थोडी आणि रांगेत उभे राहिलेले तास जास्त निघतात. तरीही घरी आल्यावर आपण सांगतो ते राइडबद्दल. रांग आठवते ती फक्त वाईट असेल तेव्हा. रांग किती वेगाने सरकते, पाळण्यात किंवा बोटीत कसे बसवले जाते आणि थांबलेल्या वेळेत समोर काय दिसते, यावर पार्कचा सगळा अनुभव उभा असतो. आज जगभरातील पार्कवाले हे गृहीत धरतात. पण मिकी माऊसचे जनक वॉल्ट डिस्ने यांना ते आधीपासून ठाऊक नव्हते. स्वतःच्या पार्कमधील फजितीतून आणि स्वतः रांगेत उभे राहून ते शिकले.

जत्रेतील सुताराचा मुलगा

वॉल्टर एलायस डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. त्यांचे वडील एलायस यांनी १८९३ मध्ये याच शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या उभारणीत सुतारकाम केले होते. जगातील पहिला ‘फेरिस व्हील’ म्हणजे महाकाय पाळणा याच प्रदर्शनात फिरला. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत. म्हणजे एका वेळी २,१६०. एवढे अजस्र चाक फिरवणे कठीण होतेच, पण एवढी माणसे चढवायची-उतरवायची कशी, हाही तितकाच मोठा प्रश्न होता. त्यासाठी एकाच वेळी सहा डबे भरता येतील असे फलाट केले गेले. पहिल्या फेरीत चाक सहा वेळा थांबे आणि दुसरी फेरी न थांबता पूर्ण होई. पुढे सत्तर वर्षांनी डिस्ने यांच्या समोरही हाच प्रश्न आला.

वॉल्ट यांचे बालपण आधी मिझुरी राज्यातील मार्सलीन गावच्या शेतावर आणि १९११ नंतर कॅन्सस सिटीत गेले. तिथे पहाटे उठून ते भाऊ रॉय यांच्याबरोबर वर्तमानपत्रे टाकत. घरापासून जवळच ‘इलेक्ट्रिक पार्क’ नावाचे करमणूक उद्यान होते. १९२३ मध्ये दोघा भावांनी हॉलीवूडमध्ये स्टुडिओ सुरू केला. १९२८ मध्ये ‘स्टीमबोट विली’तून मिकी माऊस घराघरांत पोहोचला आणि १९३७ मध्ये ‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट आला. १९४१ मध्ये मात्र स्टुडिओतील चित्रकारांनी संप केला. तो कडवट ठरला आणि मालक-कामगार नात्यात त्यानंतर पूर्वीचा ओलावा राहिला नाही.

बाकावर बसलेल्या बापाचा प्रश्न

शनिवार हा दोन मुलींचा दिवस. डायान आणि शॅरन यांना घेऊन डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर बसून राहत. मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी जागा का नसावी, हा विचार त्यांना तिथे सुचला. त्या काळची बहुतेक करमणूक उद्याने कळकट होती आणि तिथे कुटुंबाने जावे असे वातावरण नव्हते. १९५१ मध्ये त्यांनी कोपनहेगनचे ‘टिव्होली’ उद्यान पाहिले. १८४३ पासून सुरू असलेल्या या उद्यानातील स्वच्छता आणि टापटीप त्यांना भावली.

१९५३ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या पार्कचा आराखडा शिकागोत जमलेल्या उद्यान व्यावसायिकांना दाखवला. जाणकारांनी तो जवळपास मोडीतच काढला. एकच प्रवेशद्वार ठेवले तर गर्दी तुंबेल, खास बनवलेल्या राइड परवडणार नाहीत आणि बागा-किल्ल्यांवर केलेला खर्च वसूल होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डिस्ने यांनी ऐकले नाही. आयुर्विम्यावर कर्ज काढले, सुट्टीतले घर विकले आणि ‘एबीसी’ या दूरचित्रवाणी कंपनीशी करार केला. ॲनाहाइम येथील १६० एकर संत्र्यांच्या बागा घेऊन वर्षभरात, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून डिस्नेलँड उभे राहिले.

१७ जुलै १९५५ : पहिल्याच दिवशी फजिती

उद्घाटनाचा दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. पण बनावट प्रवेशिका छापल्या गेल्या आणि अपेक्षेच्या जवळपास दुप्पट, सुमारे २८ हजार लोक आत आले. उन्हाचा तडाखा होता. प्लंबरच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे सगळे नळ सुरू होऊ शकले नव्हते. नुकत्याच टाकलेल्या डांबरात महिलांच्या सँडलच्या टाचा रुतत होत्या. काही राइड बंद पडल्या. हे सारे ‘एबीसी’वरून थेट प्रक्षेपणात देशभर दिसत होते. सुरुवातीच्या त्याच दिवसांत ‘मार्क ट्वेन’ या आगबोटीवर इतके लोक चढवले गेले की डेकवर पाणी आले. माणसे मोजूनच चढवायला हवीत, हा धडा तिथे मिळाला.

पार्क बुडेल असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात सात-आठ आठवड्यांतच प्रेक्षकसंख्या १० लाखांवर गेली. आता प्रश्न उलटा झाला. लोक येतील का, याची चिंता संपली होती. आलेल्या लोकांना किती वेळ उभे राहावे लागेल, याची चिंता सुरू झाली.

रांगेचे गणित काय असते?

समजा एका राइडच्या गाडीत २४ जागा आहेत आणि दर मिनिटाला एक गाडी सुटते. तासाला १,४४० माणसे बसतील. तुमच्या पुढे ७२० जण असतील तर अर्ध्या तासाने तुमचा नंबर लागेल. आता चढणे-उतरणे आणि पट्टे तपासणे यात अर्धे मिनिट जास्त गेले, तर गाडी दर दीड मिनिटाने सुटेल. मग तासाला ९६० जणच बसतील आणि तीच रांग ४५ मिनिटांची होईल. राइड तेवढीच, वेगही तोच. फलाटावर गेलेल्या ३० सेकंदांनी मागच्या प्रत्येकाची १५ मिनिटे खाल्ली. रांगेची लांबी, लोक येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचे हे नाते जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केले. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ते ‘लिटलचा नियम’ म्हणून शिकवतात.

डिस्नेलँडमध्ये याची उदाहरणे पावलोपावली होती. ‘डम्बो’ या उडत्या हत्तींच्या राइडमध्ये सगळे हत्ती एकाच खांबाभोवती फिरतात. त्यामुळे सगळे थांबल्याशिवाय कोणालाच उतरता येत नाही. शिवाय बसणारी मुले लहान, त्यांना उचलून बसवावे लागते. म्हणून राइड छोटी आणि रांग मोठी. याउलट १९५९ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅटरहॉर्न’मध्ये रूळ ब्रेकच्या स्वतंत्र टप्प्यांत विभागला होता. त्यामुळे एक गाडी डोंगरात असतानाच दुसरी सोडता येऊ लागली.

वेग वाढवण्याइतकेच डिस्ने यांना दुसऱ्या गोष्टीचे भान होते. पार्कसाठी त्यांनी जुना मेरी-गो-राउंड विकत घेतला तेव्हा त्यातील काही घोडे एका जागी स्थिर होते. त्यांनी सगळे घोडे उधळते, वर-खाली होणारे करून घेतले. इतका वेळ उभे राहून आलेल्या मुलाच्या वाट्याला उभा घोडा येऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

सात मिनिटांची सफर साडेचार मिनिटांत

पार्कच्या प्रवेशद्वाराजवळील अग्निशमन केंद्राच्या वर डिस्ने यांनी स्वतःसाठी छोटे घर ठेवले होते. तिथून उतरून ते गर्दीत मिसळत, रांगेत उभे राहत आणि लोकांचे चेहरे न्याहाळत. एकदा ते ‘जंगल क्रूझ’च्या बोटीत बसले. ही सफर सात मिनिटांची ठरलेली होती, पण बोटचालकाने ती साडेचार मिनिटांतच उरकली. डिस्ने चांगलेच संतापले. रांग लवकर सरकावी म्हणून फेरी छोटी केली, तर पैसे मोजून आणि वाट पाहून आलेल्या माणसाची ती फसवणूकच, असे त्यांचे मत होते. व्यवस्थापकांनी मग बोटचालकांना घड्याळ लावून सराव करायला लावला. पुढच्या वेळी डिस्ने एकापाठोपाठ एक अनेक बोटींत बसले आणि सगळ्यांची वेळ जुळली तेव्हाच त्यांचे समाधान झाले.

तिकिटांनीही रांगेवर परिणाम केला. सुरुवातीला प्रवेश एक डॉलरचा आणि प्रत्येक राइडचे तिकीट वेगळे होते. म्हणजे आधी तिकिटाची रांग, मग राइडची. ऑक्टोबर १९५५ पासून तिकिटांची पुस्तिका आली. त्यात साध्या राइडसाठी ‘ए’, त्याहून आकर्षक राइडसाठी ‘बी’ आणि ‘सी’ अशी तिकिटे असत. १९५६ मध्ये ‘डी’ आणि १९५९ मध्ये ‘ई’ जोडले गेले. हाती ‘ई’ तिकिटे मोजकीच असल्याने लोक छोट्या राइडकडेही वळत आणि गर्दी पार्कभर पांगे.

न्यूयॉर्कमध्ये काय बदलले?

खरे वळण १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात आले. दोन हंगामांत ५ कोटींहून अधिक लोकांनी भेट दिलेल्या या प्रदर्शनासाठी डिस्ने यांच्या चमूने चार आकर्षणे तयार केली. एवढ्या गर्दीपुढे थांबून-थांबून बसवण्याची जुनी पद्धत टिकणार नव्हती. जनरल इलेक्ट्रिकच्या दालनात त्यांनी प्रेक्षागृहच फिरते केले. मध्ये स्थिर रंगमंच आणि भोवती सहा भागांत बसलेले प्रेक्षक. एका भागात लोक येऊन बसत असताना दुसऱ्या भागातून बाहेर पडत आणि उरलेल्या चार भागांत खेळ सुरूच असे. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये सपाट तळाच्या बोटी पाण्याच्या झोतांनी पुढे ढकलल्या जात. एकामागून एक बोटी धक्क्याला लागत, त्यामुळे रांग सतत सरकत राही. सरकणारी रांग लांब असली तरी माणसाला फारशी टोचत नाही, हे तिथे रोज दिसत होते.

त्यांनी न पाहिलेल्या राइड

डिस्नेलँडमध्ये तेव्हा दोन योजना अडकून पडल्या होत्या. समुद्री चाच्यांचे दालन म्हणजे लोकांनी चालत पाहायचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय, असे ठरले होते. झपाटलेल्या वाड्याची, म्हणजे ‘हाँटेड मॅन्शन’ची इमारत बाहेरून १९६३ मध्येच पूर्ण झाली होती, पण आत काय करायचे ते ठरत नव्हते. अडचण अशी की चालणारा माणूस मध्येच थांबतो आणि त्याच्यामागचे सगळेच अडतात. न्यूयॉर्कच्या अनुभवानंतर चाच्यांच्या दालनात बोटी आल्या.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ १८ मार्च १९६७ रोजी खुले झाले. त्याआधी तीन महिने, १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने डिस्ने यांचे निधन झाले होते. वय ६५.

झपाटलेला वाडा ९ ऑगस्ट १९६९ रोजी उघडला. तिथे पाळण्यांची न तुटणारी साखळी अखंड फिरत राहते. फलाटावरचा सरकता पट्टा त्याच वेगाने चालतो, त्यामुळे राइड न थांबवता माणसे चढतात-उतरतात. त्याआधी लोकांना एका खोलीत उभे केले जाते. तिच्या भिंती लांब होत असल्याचा भास होतो, चित्रे ताणली जातात आणि अंधार होतो. मुळात ही खोली म्हणजे लिफ्ट आहे. राइडची मोठी इमारत पार्कभोवतीच्या रेल्वेमार्गापलीकडे असल्याने लोकांना जमिनीखाली न्यावे लागते आणि ती गरजच गोष्टीचा पहिला प्रसंग बनली आहे. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला आपण अजून रांगेतच आहोत, हे लक्षातही येत नाही.

आज रांगेचे काय झाले आहे?

तिकीट पुस्तिका १९८२ मध्ये बंद झाल्या. १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आला. वेळ राखून ठेवा, तोवर इतरत्र फिरा, अशी ती मोफत सोय होती. २०२१ पासून तिची जागा पैसे मोजून घ्यायच्या ‘लाइटनिंग लेन’ने घेतली. पण लिटलचा नियम इथेही सुटत नाही. तासाला सुटणाऱ्या जागा तेवढ्याच राहतात. त्यातल्या जितक्या जलद रांगेला दिल्या जातात, तितक्या साध्या रांगेतून कमी होतात. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खात्यातून जातो. प्रत्येक मुलाला उधळता घोडाच मिळावा म्हणणाऱ्या माणसाच्या पार्कमध्ये आज रांगेतील जागेलाही दर आहे.

दुसरा मार्गही त्याच कंपनीने वापरून पाहिला. फ्लोरिडातील पार्कमध्ये २०१२ मध्ये ‘डम्बो’च्या दोन राइड शेजारी-शेजारी उभारल्या आणि रांगेच्या जागी सर्कशीच्या तंबूत खेळायची जागा केली. कुटुंबाच्या हाती एक पेजर दिला जाई. मुले घसरगुंड्यांवर खेळत, आई-वडील बाकावर बसत आणि नंबर आला की पेजर वाजे. मग सगळे मिळून हत्तीवर बसायला जात.