विश्लेषण : ताकद की ताबा? जगज्जेता माइक हेलवूड शर्यतीची बाइक कशी निवडत होता?

यवतमाळजवळचे लोहारा असो की पुणे, स्पोर्ट्स बाइक घ्यायला निघालेला तरुण आधी सीसी आणि हॉर्सपॉवर विचारतो. ट्रॅकवर मात्र हेच दोन आकडे अनेकदा दगा देतात. नऊ ग्रां प्री जगज्जेतेपदे आणि 76 ग्रां प्री विजय मिळवणारा ब्रिटिश रेसर माइक हेलवूड याने हा धडा महागात घेतला होता. त्याच्या कारकिर्दीकडे बाइकनिवडीच्या अंगाने पाहिले तर काय दिसते?

श्रीमंत बापाचा मुलगा, एवढेच का?

2 एप्रिल 1940 रोजी ऑक्सफर्डशायरमध्ये जन्मलेल्या हेलवूडचे वडील स्टॅन हे मोटारसायकलींचे बडे विक्रेते. त्यामुळे 1957 मध्ये वयाच्या 17 व्या वर्षी पहिली शर्यत खेळणाऱ्या माइकला उत्तम गाड्या सहज मिळाल्या. इतर रेसरना ते खुपत असे आणि त्यात चूकही नव्हती. पण 1961 मध्ये ‘आयल ऑफ मॅन टीटी’त त्याने एकाच आठवड्यात तीन शर्यती जिंकल्या, तेव्हा टीका मावळली. 125 आणि 250 सीसी गटात त्याच्याकडे होंडा होती. 500 सीसीत मात्र जुन्या बांधणीची, एका सिलिंडरची नॉर्टन. पुढे धावणारी गॅरी हॉकिंगची एमव्ही अगुस्ता जास्त वेगवान होती, पण ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. नॉर्टनने केली. त्याच आठवड्यात 350 सीसी गटात आघाडीवर असताना हेलवूडचीच गाडी शेवटच्या टप्प्यात बंद पडली होती. म्हणजे टिकाऊपणाच्या धड्याच्या दोन्ही बाजू त्याला एकदमच पाहायला मिळाल्या.

होंडाचे नेमके काय चुकले?

1962 ते 1965 अशी सलग चार वर्षे 500 सीसीचे जगज्जेतेपद त्याने एमव्हीवर मिळवले. मग तो होंडाकडे गेला. तिथली 250 सीसीची गाडी म्हणजे अभियांत्रिकीचा चमत्कार होता : सहा सिलिंडर, प्रत्येक जेमतेम 41 सीसीचा आणि इंजिन मिनिटाला तब्बल 18 हजार फेरे घेणारे. 1966 आणि 1967 मध्ये 250 व 350 सीसीची विजेतेपदे त्याने खिशात घातली.

500 सीसीची होंडा मात्र निराळीच होती. इंजिनात ताकद भरपूर, पण चासीला ती पेलवत नव्हती. वळणावर आणि खडबडीत रस्त्यावर गाडी डोलायची. एमव्हीवरच्या जियाकोमो अगोस्तिनीकडे ताकद कमी होती, पण त्याची गाडी सांगितलेल्या रेषेवरून जायची. 1966 चे विजेतेपद अगोस्तिनीने नेले. 1967 मध्ये दोघांचे विजय पाच-पाच, गुणही सारखे. दुसरे क्रमांक जास्त म्हणून पुन्हा अगोस्तिनीच. त्या वर्षीच्या टीटीत हेलवूडच्या होंडाची थ्रॉटलची मूठ ढिली झाली होती. तरीही त्याने ताशी 108.77 मैल, म्हणजे सुमारे 175 किमी सरासरीची फेरी मारली. हा विक्रम आठ वर्षे टिकला. अगोस्तिनीची चेन तुटली आणि हेलवूड जिंकला. अशी गाडी जिंकवणे हे रेसरचे कौतुक, गाडीचे नव्हे.

1968 मध्ये होंडाने स्पर्धेतून माघार घेतली आणि दुसऱ्या संघाकडे जाऊ नये म्हणून त्याला सुमारे 50 हजार पौंड दिले. तो कार रेसिंगकडे वळला. 1973 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शर्यतीत जळत्या कारमधून क्ले रेगाझोनीला त्याने बाहेर काढले. स्वतःच्या कपड्यांनी पेट घेतला, तो विझवून पुन्हा आगीत शिरला. त्याबद्दल त्याला जॉर्ज पदक मिळाले. 1974 मध्ये जर्मनीतील नुर्बुर्गरिंगवरच्या अपघातात पाय जायबंदी झाला आणि कारचा अध्यायही संपला.

38 व्या वर्षी डुकाटीच का?

11 वर्षांनी, 1978 मध्ये, तो टीटीत परतला. मँचेस्टरच्या एका छोट्या संघाने तयार केलेली डुकाटी 900 त्याने घेतली. प्रतिस्पर्धी फिल रीडच्या चार सिलिंडरच्या होंडाहून तिची ताकद कमी होती. पण व्ही-ट्विन इंजिनामुळे गाडी अरुंद, खालच्या आरपीएमलाही जोर देणारी आणि सरळ रेषेत स्थिर. हिच्या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगऐवजी स्वतंत्र लिव्हर असते, हे आजही डुकाटीचे वैशिष्ट्य. सुमारे 60 किमीच्या, दगडी भिंतींना खेटून जाणाऱ्या रस्त्यावर अधू पायाच्या माणसाला दमवणार नाही अशी गाडी हवी होती. 3 जून रोजी तो रीडला मागे टाकून जिंकला. त्याच आठवड्यात त्याने यामाहाच्या गाड्याही चालवल्या; त्यांवर एकदाही पहिल्या तिघांत आला नाही.

विशेष म्हणजे त्याने डुकाटीशीही निष्ठेची गाठ मारली नाही. 1979 मध्ये डुकाटीने साथ दिली नाही, तेव्हा सुझुकी आरजी 500 वर त्याने सीनियर टीटी जिंकली. हा त्याचा 14 वा आणि शेवटचा टीटी विजय. डुकाटीने मात्र त्याच्या नावाची ‘रेप्लिका’ बाजारात आणली आणि ती खूप खपली.

मृत्यू ट्रॅकवर नव्हे

21 मार्च 1981 च्या संध्याकाळी तो दोन मुलांना कारमध्ये घेऊन मासे-चिप्स आणायला निघाला. बंदी असलेल्या ठिकाणी वळणारा ट्रक आडवा आला. नऊ वर्षांची मिशेल जागीच गेली, मुलगा डेव्हिड वाचला. दोन दिवसांनी, 40 व्या वर्षी, हेलवूडचा मृत्यू झाला. ट्रकचालकाला 100 पौंड दंड झाला.