भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (२४ ऑक्टोबर, १८६८ - १३ एप्रिल, १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि लेखक होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार, औंधमधील लोकशाही राज्यघटनेचा प्रयोग आणि श्री भवानी वस्तुसंग्रहालय यांसाठी ते विशेष ओळखले जातात. रामायणाची कथा स्वतः चितारून त्यांनी १९१६ साली 'चित्ररामायण' हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीही त्यांनी चित्रे काढली. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पार्श्वभूमी

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झाले. किन्हई गावचे परशुराम त्रिंबक यांच्याकडे हे पद आल्यानंतर ते त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत राहिले. औंध येथील यमाई देवी ही या घराण्याची कुलदेवता होय. ब्रिटिश काळात औंध हे सुमारे पाचशे चौरस मैलांचे आणि बहात्तर गावांचे छोटे संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. औंध, किन्हई, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ असे त्याचे तुकडे सातारा, सोलापूर व विजापूर या जिल्ह्यांच्या परिसरात विखुरलेले होते. त्यातील आटपाडीचा भाग माणदेशातील असून तो कायम अवर्षणग्रस्त राहिला आहे. संस्थानाचे उत्पन्न बेताचे होते आणि बहुसंख्य प्रजा शेतकरी होती.

श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे भवानरावांचे वडील. भवानरावांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले आणि त्यांनी बी. ए. ही पदवी मिळवली. त्या काळी संस्थानिकांच्या घराण्यांत पदवीधर क्वचितच आढळत. भवानरावांच्या ग्रंथांवर त्यांच्या राजपदाबरोबर ही पदवीही छापलेली दिसते. वडिलांनंतर संस्थानाची गादी थोरल्या शाखेकडे गेली. त्यामुळे भवानराव गादीवर आले ते १९०९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी.

चित्रकथेची परंपरा

महाराष्ट्रात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगण्याची परंपरा छापील पुस्तकांहून जुनी आहे. चित्रकथी समाजातील कलावंत हाताने रंगवलेल्या चित्रांचे संच जवळ बाळगत. रात्रीच्या वेळी एकामागून एक चित्र श्रोत्यांसमोर धरून ते रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत. मराठवाड्यातील पैठणच्या नावाने ओळखली जाणारी एकोणिसाव्या शतकातील कथाचित्रे आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रसंच ही या परंपरेची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. अशा संचाचा प्रत्येक कागद हातानेच तयार होई. त्यामुळे संच ज्या गावी पोहोचे, तेथील लोकांनाच कथा पाहायला मिळे.

छपाईमुळे ही स्थिती बदलली. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने आणि १८९४ साली सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचवली. मुलांसाठी वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' हे मासिक सुरू केले. तरीही भिंतीवर लावण्याचे सुटे चित्र आणि कथेच्या ओघात येणारी चित्रमालिका यांत फरक होता. एका चित्रकाराने संपूर्ण रामायण क्रमाने चितारून ते मजकुरासह पुस्तकरूपाने देणे ही त्या काळात नवी गोष्ट होती.

चित्ररामायण

'चित्ररामायण' १९१६ साली मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये छापले गेले. त्यात रामकथेतील प्रसंग क्रमाने चितारलेले असून चित्रांबरोबर कथेचा मजकूर दिलेला आहे. हा ग्रंथ इंग्रजीतही प्रसिद्ध झाला. संस्थानिकाने चित्रकारांना आश्रय देणे नवे नव्हते. येथे मात्र संस्थानिकाने स्वतः कुंचला हाती घेऊन ग्रंथ सिद्ध केला होता.

चित्रमय कथाग्रंथात चित्रकाराला सुट्या चित्रापेक्षा वेगळी बंधने पाळावी लागतात. दीर्घ कथेतून कोणते प्रसंग घ्यायचे आणि कोणते केवळ मजकुरावर सोपवायचे, हे आधी ठरवावे लागते. राम, लक्ष्मण, सीता यांचे चेहरे, वेष आणि बांधा पानोपानी ओळखता आले पाहिजेत. राजवाड्यातील राम आणि वल्कले नेसलेला वनवासी राम यांत बदल दिसला पाहिजे, पण व्यक्ती एकच आहे हेही कळले पाहिजे. ज्याला अक्षरओळख नाही अशा मुलाला किंवा प्रौढाला केवळ चित्रे पाहून कथेचा धागा सापडला, तरच अशा ग्रंथाचा हेतू साध्य होतो.

वेषभूषेचा प्रश्न त्या काळी वादाचा होता. रविवर्म्यांच्या चित्रांतील पौराणिक स्त्रिया अनेकदा नऊवारी लुगडे नेसलेल्या दिसतात. प्राचीन कथेतील पात्रांना अर्वाचीन वस्त्रे द्यावीत काय, याविषयी चित्रकार आणि रसिक यांच्यात मतभेद होते. भवानरावांचा कल प्राचीन शिल्प व चित्रांतील वस्त्रे, अलंकार, शस्त्रे आणि वास्तू यांचा आधार घेण्याकडे होता. त्यासाठी त्यांना जुन्या लेण्यांचा अभ्यास करणे आवश्यक वाटले. हीच दृष्टी त्यांच्या पुढील कामातही दिसते.

महाभारताची चित्रे

पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. दुसऱ्याच वर्षी, १९१८ मध्ये, भवानरावांनी महाभारताची चिकित्सक आणि सचित्र आवृत्ती काढण्याची कल्पना संस्थेपुढे मांडली आणि त्या कामासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. औंधसारख्या लहान संस्थानाच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी होती. कामाला १९१९ साली आरंभ झाला. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ साली प्रमुख संपादकपद स्वीकारल्यावर पाठचिकित्सेची पद्धत निश्चित झाली. पहिला भाग १९२७ साली, तर आदिपर्वाचा पूर्ण खंड १९३३ साली प्रसिद्ध झाला.

या आवृत्तीच्या शीर्षकपानावर संपादकाच्या नावाबरोबर, प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारे म्हणून भवानरावांचेही नाव आहे. हस्तलिखितांतील पाठभेद तपासून मूळ संहितेच्या जवळ जाण्याचा प्रयत्न संपादक करत होते. चित्रकारही आपल्या परीने त्याच मार्गाने जात होता. मात्र संहितेचे काम आणि चित्रांचे काम यांचा वाचक एकच नव्हता. पुढे ही आवृत्ती विद्वानांमध्ये मान्यता पावली ती तिच्या संहितेमुळे. संपूर्ण प्रकल्प १९६६ साली, भवानरावांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी पूर्ण झाला.

वेरूळ आणि अजिंठा

वेरूळ व अजिंठा ही लेणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यात होती. भवानरावांनी त्यांवर दोन इंग्रजी पुस्तके लिहिली. वेरूळवरील पुस्तक १९२९ साली, तर अजिंठ्यावरील पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झाले. सामान्य प्रवाशाला लेणी पाहताना उपयोग व्हावा, असे या पुस्तकांचे स्वरूप आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा प्रसंगाप्रसंगाने रंगवलेल्या आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात रामायण आणि महाभारत यांचे शिल्पपट आहेत. चित्रमालिकेतून कथा सांगणाऱ्या चित्रकाराला या ठिकाणी प्राचीन वेषभूषेचे नमुने मिळाले, तसेच कथनाची जुनी रीतही पाहावयास मिळाली.

निजामाच्या राज्याशी औंधचा आणखी एक दुवा श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या रूपाने जुळला. सातवळेकर हे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार होते आणि हैदराबादेत त्यांनी अनेक वर्षे चित्रकाराचा व्यवसाय केला. वैदिक वाङ्मयावरील लेखनामुळे आणि राष्ट्रीय विचारांमुळे त्यांना ते शहर सोडावे लागले. १९१८ साली ते औंधला आले. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळामार्फत वेदांच्या संहिता आणि त्यांची भाषांतरे प्रसिद्ध केली. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर पुढे नामवंत चित्रकार झाले.

शिक्षण आणि विद्यार्थी

औंधच्या शाळेत संस्थानाबाहेरून आलेली गरीब मुलेही शिकत. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच पुढे साने गुरुजी म्हणून प्रसिद्ध झालेले लेखक, काही काळ औंधच्या शाळेत होते. 'धडपडणारा श्याम' या त्यांच्या पुस्तकात या दिवसांचे वर्णन येते. कवी ग. दि. माडगूळकर यांचे शालेय शिक्षणही औंधात झाले. माडगूळकरांचे 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सादर होऊ लागले. चाळीस वर्षांपूर्वी औंधच्या अधिपतींनी चित्रांतून क्रमवार मांडलेली कथा औंधात शिकलेल्या कवीने छप्पन गीतांतून क्रमवार मांडली.

भवानराव स्वतः कीर्तने करत. सूर्यनमस्कार हा विषय त्यांनी संस्थानातील शाळांमध्ये सुरू केला आणि त्यावर मराठीत व इंग्रजीत पुस्तके लिहिली. त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून नव्या रूपात प्रसिद्ध झाले. त्यामुळे हा व्यायाम परदेशी वाचकांपर्यंत पोहोचला. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीत औंध संस्थानातील एका धनगरवाडीच्या तालमीचे उद्घाटन करण्यासाठी राजेसाहेब येतात, असा प्रसंग आहे.

उद्योगांनाही त्यांनी साहाय्य केले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कुंडल रोड स्थानकाजवळ कारखान्यासाठी त्यांनी जागा दिली आणि तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. याच वसाहतीतून पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके निघाली.

औंधचा स्वराज्य प्रयोग

१९३८ साली भवानरावांनी राज्यकारभाराचे अधिकार प्रजेकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचा या निर्णयामागे मोठा वाटा होता. राज्यघटनेचा आराखडा महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. ग्रामपंचायत हा या घटनेचा पाया होता. गावपंचायतींतून तालुका आणि तेथून संस्थानाची सभा अशी तिची रचना होती. त्या काळी बहुतेक संस्थानांत प्रजेला असे अधिकार नव्हते. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तिच्यावरून सुचलेली ग. दि. माडगूळकर यांची कथा व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाला आधारभूत ठरली.

८ मार्च, १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

वस्तुसंग्रहालय

भवानरावांनी जमवलेला कलासंग्रह औंधच्या यमाई डोंगरावरील श्री भवानी वस्तुसंग्रहालयात आहे. संग्रहालय १९३८ साली सुरू झाले. जुनी लघुचित्रे, राजा रविवर्मा यांची चित्रे, बंगाल शैलीतील चित्रे, युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक हे शिल्प तेथे आहे. शहरापासून दूर असलेल्या डोंगरावर संग्रहालय उभारल्यामुळे यमाईच्या दर्शनाला येणाऱ्या ग्रामीण भाविकांनाही हा संग्रह पाहता येतो.

मूल्यमापन

कलेच्या इतिहासात भवानरावांची नोंद चित्रकारापेक्षा संग्राहक आणि आश्रयदाता म्हणून अधिक ठळकपणे होते. राजकीय इतिहासात औंधच्या घटनेला, तर व्यायामाच्या इतिहासात सूर्यनमस्कारांना महत्त्व मिळाले. या तुलनेत 'चित्ररामायण' मागे पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामायण-महाभारतावरील सचित्र पुस्तके मुलांसाठी मोठ्या संख्येने निघू लागली. त्यांत चित्रे क्रमाने लावून सोप्या मजकुरासह कथा सांगण्याची पद्धत रूढ झाली. मराठीत ही पद्धत स्वतःच्या हाताने आरंभापासून शेवटापर्यंत राबवून पाहणाऱ्या आरंभीच्या चित्रकारांत भवानरावांची गणना करावी लागते.

त्यांच्या कामाच्या शाखा वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांत एक सूत्र आढळते. कीर्तन, चित्रग्रंथ, लेण्यांची परिचयपुस्तके, डोंगरावरील संग्रहालय आणि गावपंचायत या सर्वांत मोजक्या लोकांपुरती मर्यादित असलेली गोष्ट सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणण्याचा प्रयत्न होता.

निधन

१३ एप्रिल, १९५१ रोजी भवानरावांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत (१९१२-१९९२) यांनी स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत अनेक देशांत काम केले. औंधच्या प्रयोगाविषयी आणि वडिलांविषयी त्यांनी इंग्रजीत ग्रंथलेखनही केले आहे.