बालाचडीचे बापू



दत्तक मूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाळण्यातले तान्हे बाळ येते. ज्याला मागचे काही आठवत नाही, जे आपल्याच घरात पहिला शब्द बोलेल, असे बाळ. आठ-दहा वर्षांचे मूल, ज्याला स्वतःच्या आईचा चेहरा आठवतो, ज्याची भाषा आपल्याला येत नाही आणि जे परक्या मुलखातून आले आहे, त्याला आपले म्हणायला फार थोडे लोक धजावतात. आज आम्ही अशा एका पित्याची जीवनकथा सांगणार आहोत. हा पिता हिंदू राजा होता. त्याची ही मुले मात्र आपल्यासारखीच कॅथोलिक होती.

नवानगर, म्हणजे आजचे जामनगर, येथील राजाला जामसाहेब म्हणत. दिग्विजयसिंहजी जाडेजा यांचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ चा. ज्यांच्या नावाने आपली मुले रणजी करंडकाचे सामने पाहतात, ते रणजितसिंहजी त्यांचे काका. या घराण्यात दत्तक हा शब्द कडूगोड होता. रणजींना लहानपणी जाम विभाजींनी दत्तक घेतले, पण पुढे १८८२ साली विभाजींना स्वतःचा मुलगा झाला आणि रणजींना बाजूला सारण्यात आले. तो मुलगा मोठा होऊन गादीवर बसला. १९०६ साली तो वारला, तेव्हा कुठे १९०७ मध्ये रणजींना गादी मिळाली. रणजींनी लग्न केले नाही. आपल्या भावाच्या मुलाला, दिग्विजयसिंहजींना, त्यांनी वारस म्हणून दत्तक घेतले. दिलेला शब्द मोडला तर लेकराच्या वाट्याला काय येते, हे या पुतण्याने काकांच्या आयुष्यात पाहिले असणार, असे आम्हाला वाटते.

राजकोटचे राजकुमार कॉलेज, इंग्लंडातील शिक्षण, बारा वर्षे सैन्यात नोकरी आणि १९३३ साली राज्य, एवढ्यात त्यांचा पूर्वार्ध संपतो. राजेलोकांविषयी लिहिताना लेखणी सैल सुटते, म्हणून तो भाग येथेच थांबवतो. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. रणजी राष्ट्रसंघाच्या कामासाठी जिनिव्हाला जात. तेथे पोलंडचे थोर पियानोवादक आणि माजी पंतप्रधान पादेरेव्हस्की यांच्याशी या घराण्याची ओळख झाली, असे सांगतात. त्यामुळे पोलंड हे नाव तरुण दिग्विजयसिंहजींना अनोळखी राहिले नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरने आणि पूर्वेकडून स्टालिनने झडप घातली. पूर्व भागातील लक्षावधी माणसांना १९४० आणि १९४१ साली मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे हाकलण्यात आले. पुढे हिटलर रशियावर उलटला, तेव्हा पोलंडचे लंडनमधील निर्वासित सरकार आणि रशिया यांच्यात जुलै १९४१ मध्ये करार झाला व या लोकांची सुटका झाली. पण सुटका झाली म्हणजे काय, तर उपासमार आणि टायफसमध्ये आईबाप गेलेली मुले वाटेवर उघडी पडली. त्यांना घ्यायला कोणी तयार होईना. भारत सरकारपुढेही खर्च कोणी करायचा हा प्रश्न होता. त्या वेळी जामसाहेब संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे प्रमुख होते. त्यांनी आपल्या राज्यात जागा देऊ केली, आणि पैशासाठी इतर संस्थानिक व टाटांसारखे दाते पुढे आले.

मुले अश्गाबादहून ट्रकने निघाली. मशहद, क्वेट्टा असा वाळवंटातला प्रवास करून ती भारतात आली आणि काही काळ आपल्या मुंबईत, वांद्र्याला राहिली. जुलै १९४२ मध्ये ती जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे पोहोचली. जामसाहेबांचा उन्हाळी वाडा तिथेच होता. तुम्ही आता अनाथ नाही, मी नवानगरच्या सर्व लोकांचा बापू आहे, म्हणून तुमचाही बापू, अशा अर्थाचे काही ते मुलांना म्हणाले. पुढे त्या वसाहतीत पाचशेहून अधिक मुले राहून गेली.

असे बोलणे सोपे असते. कठीण असतो तो दुसरा दिवस. सैबेरियातून सुटलेल्या मुलांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते: जेवण पोटभर मिळू लागले तरी मुले पावाचा तुकडा उशीखाली लपवून झोपत. भूक पोटातून गेली तरी मनातून जात नाही. शिवाय काठेवाडचे ऊन, मलेरिया, अनोळखी भाषा. काहींना आपला बाप अजून सैन्यात जिवंत असेल अशी आशा होती. अशा मुलाला नवा बाप नको असतो, त्याला त्याचाच बाप हवा असतो.

येथे जामसाहेबांनी जे केले नाही, तेच आम्हाला मोठे वाटते. त्यांनी मुलांना गुजराती करायचा घाट घातला नाही. शाळा पोलिश भाषेत चालली, शिक्षिका पोलिश होत्या, वसाहतीवर पोलंडचा झेंडा फडकत होता. मुलांसाठी पवित्र मिस्सा होत असे, आणि वसाहतीचे प्रमुख होते एक पोलिश धर्मगुरू, फादर फ्रान्सिशेक प्लुता. नाताळात मुले आपली नाटके व नाच बसवीत आणि राजेसाहेब पाहायला येत. एकदा मुलांनी पालक खायचा नाही म्हणून संपच पुकारला. बापूंना ते कळले, तेव्हा त्यांनी पालक शिजवणे बंद करवले, असे ती मुले म्हातारपणीही हसत सांगत. (आमच्या धर्मग्रामातील आयांना हा निर्णय पटणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.) रोजचे न्हाऊमाखू घालणे, ताप आला तर रात्र जागवणे हे अर्थात राजाने केले नाही, ते शिक्षिकांनी आणि सेविकांनी केले. त्यांची नावे इतिहासात फारशी आली नाहीत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही गॅब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथोलिक विचारवंताला वाचले. पितृत्व रक्ताने पुरे होत नाही, ते दिलेल्या शब्दाने उभे राहते, असा त्याच्या एका निबंधाचा आशय आहे. त्यानेही एक मुलगा दत्तक घेतला होता. बालाचडीत मुले वाढत होती त्याच युद्धकाळात त्याने हे लिहिले.

शब्दाची परीक्षा युद्ध संपल्यावर झाली. १९४५ साली दोस्त राष्ट्रांनी वॉर्सामधील कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालील सरकारला मान्यता दिली. ज्या मुलांना पालक नाहीत त्यांना परत पाठवावे, असा आग्रह सुरू झाला. पण परत कुठे? अनेकांची गावे आता रशियाच्याच हद्दीत गेली होती. ज्यांनी आईबापांना गाडीत कोंबले, त्यांच्याच छायेत मुले जाणार होती. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी कर्नल जेफ्री क्लार्क या तिघांनी मिळून त्या अनाथ मुलांना कायदेशीर दत्तक घेतले. पालक असलेल्या मुलांना सक्तीने पाठवता येत नव्हते. एक हिंदू राजा, एक कॅथोलिक धर्मगुरू आणि एक इंग्रज असे तीन बाप एकाच कागदावर आले. फादर प्लुतांवर तर पुढे मुले पळवल्याचा ठपका ठेवण्यात आला.

जामसाहेबांना १९३९ साली स्वतःचा मुलगा झाला होता. गादीचा प्रश्न येथे नव्हता हे खरे. तरीही विभाजींची आठवण ज्या घराला होती, त्या घरात पोटचा मुलगा आल्यावरही परक्या मुलांना दिलेला शब्द टिकला.

१९४६ च्या अखेरीस बालाचडीची वसाहत बंद झाली आणि उरलेली मुले आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आली. तेथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. १९४८ पर्यंत तीही वसाहत रिकामी झाली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी अमेरिकेला, कोणी ऑस्ट्रेलियाला, तर काही जण पोलंडलाच परतले. जामसाहेबांनी कोणालाही धरून ठेवले नाही. स्वातंत्र्यानंतर ते सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले, संयुक्त राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी होते, आणि ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत वारले. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असेपर्यंत त्यांच्याविषयी उघडपणे बोलणे शक्य नव्हते. ती १९८९ साली गेली आणि मग वॉर्सातील एका शाळेला व एका चौकाला त्यांचे नाव मिळाले. त्या चौकाला भल्या महाराजांचा चौक म्हणतात.

बालाचडीला आता सैनिकी शाळा आहे. तिथे वाढलेल्यांपैकी काही जण पिकल्या केसांनी ती जागा पाहायला परत आले होते, आणि जामसाहेबांचा उल्लेख ते बापू असाच करीत.